स्लिपर ऑर्किड घरी वाढवणं आणि फुलवणं : कोल्हापुरातनं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुललेलं स्लिपर ऑर्किड एकदा कुणी बघितलं की घरी जाऊन मेसेज येतोच, आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. उत्तरं कोल्हापूरच्या हवेला धरून आहेत, पुण्यात थोडा फरक पडेल, कोकणात बराच. एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढं ती सारखी येणार आहे: या झाडात फुलाच्या मागं लागायचं नसतंय, नवीन फुटव्याच्या, म्हणजे बुडातनं येणाऱ्या नव्या कोंबाच्या, मागं लागायचं असतंय.

१. स्लिपर ऑर्किड म्हणजे नक्की कुठलं? नर्सरीत ते जांभळं-पांढरं मिळतंय तेच का?

नाही. ते बहुतेक फॅलेनॉप्सिस नाहीतर डेंड्रोबियम असतंय. स्लिपरच्या फुलाला खालची पाकळी पिशवीसारखी असते, वर एक मोठी उभी पाकळी असते, बहुतेक रेघांची, आणि दोन बाजूला दोन, कधी केसाळ तर कधी ठिपक्यांच्या. घरात आपण वाढवतो ते जवळजवळ सगळे पॅफिओपेडिलम, सगळे त्याला पॅफ म्हणतात, मी पण तेच म्हणणार आहे. यातले बहुतेक मूळचे भारताच्या ईशान्येपासनं थेट न्यू गिनी, सॉलोमन बेटांपर्यंतच्या जंगलातले. बहुतेक जमिनीवर, पालापाचोळ्यात वाढतात, काही खडकांवर, थोडे झाडांवर. महत्त्वाचं म्हणजे डेंड्रोबियमला जसं पाणी साठवायला जाड खोड असतंय तसं पॅफला काहीच नसतंय, नुसती पानं आणि मोजकी मुळं. त्यामुळं इतर ऑर्किडसारखं "वाळू दे, मग पाणी घाल" हे इथं चालत नाही.

२. ती पिशवी कशाला असते? किडे खातंय का झाड?

खात नाही. किडा, बऱ्याच जातीत फुलमाशी, फसून पिशवीत पडतो, गुळगुळीत भिंतीवरनं वर येता येत नाही, मग मागच्या बाजूला एक अरुंद वाट असते तिथनं निघतो आणि निघताना परागकण अंगाला चिकटवून नेतो. किड्याला मध बिध काही मिळत नाही, पण जीव वाचतो.

३. कोल्हापूरच्या हवेत जमतंय का? का महाबळेश्वरलाच राहायला जावं लागेल?

जमतंय, चांगलं जमतंय, फक्त झाड बरोबर निवडायला पाहिजे (प्रश्न ४). आपलं शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, रात्री पुण्या-मुंबईपेक्षा पुष्कळ वेळा सुखाच्या असतात, पावसाळ्यात हवेला ओल भरपूर. अडचणीचे काळ दोनच. एक म्हणजे मार्च ते मे, दुपारी हवा एकदम कोरडी आणि पारा ३६ ते ३९ वर (प्रश्न ११). दुसरा जून ते सप्टेंबर, पानात पाणी साचून सड (प्रश्न १२). दिवाळीपासनं होळीपर्यंतचे महिने म्हणजे पॅफला आवडणारी हवा, त्यात तुम्ही फार काही करायची गरजच नाही.

४. पहिलंच झाड घेतोय. कुठलं घेऊ?

पानाकडं बघा. ठिपक्याठिपक्यांची, हिरव्यात फिकट नक्षी असलेली पानं म्हणजे ते बहुतेक उबदार हवेतलं. आपल्याला तेच पाहिजे. त्यात मॉडी प्रकारची संकरित झाडं सगळ्यात सोसणारी. मूळचं मॉडी १९०० सालचं, म्हणजे सव्वाशे वर्षं लोक खिडकीत वाढवत आलेत, आणि त्याचे पुढचे संकर हिरवे-पांढरे, वाइनच्या रंगाचे, काळपट जांभळे असे येतात. फूल नसतं तेव्हापण पानं बघायला छान वाटतात.

साध्या हिरव्या, लांबट पानांचे दोन गट आहेत. एक थंडीवाला, म्हणजे इन्सिग्नी, व्हिलोसम आणि मोठ्या गोल फुलांचे संकर, त्यांच्याबद्दल प्रश्न १५. दुसरा एका देठावर चार-पाच फुलं देणारा, तो उबदार हवेत राहतो पण ऊन जास्त मागतो आणि वेळ फार घेतो, प्रश्न २२ बघा. दोन्ही पहिलं झाड म्हणून घेऊ नका.

विकत घेताना अजून एक: कमीत कमी दोन फुटवे असलेलं घ्या आणि त्यातला एक नवीन, वाढता असू दे. नुसता एक फुटवा आणि त्यावर मोठं फूल असलेलं झाड दिसायला भारी, पण त्या फुटव्याचं काम झालेलं असतंय. का, ते प्रश्न १३ मध्ये.

५. हे घरी ठेवणं कायद्यानं चालतंय का? जंगलातनं आणलेलं कुणी तरी देतोय म्हणतोय.

जंगलातलं घेऊ नका, फुकट दिलं तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ज्या मोजक्या वनस्पती नावानं घातलेल्या आहेत त्यात पॅफिओपेडिलमच्या प्रजाती आहेत, आधी सहाव्या अनुसूचीत होत्या, २०२२च्या दुरुस्तीनंतर तिसऱ्या अनुसूचीत. जंगलातनं काढायला बंदी आणि लागवड-विक्रीला परवान्याचं बंधन. परदेशातनं आणायचं तर सगळ्या प्रजाती साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) याच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सूटकेसमध्ये घालून आणणं हा गुन्हा. आपण घरगुती माणसांनी नर्सरीत तयार झालेले संकरच घ्यावेत, परवाना असलेल्या नर्सरीकडनं, पक्क्या बिलावर, आणि बिल जपून ठेवावं.

यात मला मनापासनं वाईट वाटतं ते ड्रूरीचं. दक्षिण भारतातलं हे एकमेव पॅफ, केरळातल्या अगस्त्यमलाईच्या डोंगरात १८६५ साली नोंद झालेलं, पिवळं फूल आणि मधोमध गडद पट्टा. हौशी लोक आणि व्यापारी यांनी उपटून उपटून ते मूळ जागेतनं जवळजवळ संपवलं. आपल्या राधानगरी-आंबोलीकडं पॅफ उगवत नाही, पण तिथलं सीतेची वेणी नावाचं ऑर्किड लोक फांदीसकट तोडून आणतात, ते पण बंद करा. जंगलातनं आणलेली झाडं घरात बहुतेक मरतातच.

६. घरात कुठं ठेवू? पूर्वेची खिडकी नाही आमच्याकडं.

पूर्वेची असेल तर प्रश्नच मिटला, सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन चालतंय. नसेल तर उत्तरेची, पण एक लक्षात ठेवा: मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथनं ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो जरा उत्तरेकडनंच जातो, म्हणजे वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या खिडकीत मे महिन्यात अचानक ऊन येतंय आणि पानं भाजतात, आणि लोकांना कळत नाही काय झालं. दक्षिणेच्या गॅलरीत उलटं, हिवाळ्यात ऊन लांब आत येतंय. पश्चिमेला पडदा नाहीतर नेट लावल्याशिवाय ठेवू नका.

उजेड मोजायचा तर मोबाइलमध्ये लक्स मोजायचं ॲप टाका, साधारण १०,००० ते १५,००० लक्स मिळाले की बास. ॲप नको असेल तर पानाच्या वर हातभर अंतरावर हात धरा. सावली पुसट पडली तर बरोबर, बोटं न् बोटं कापल्यासारखी दिसली तर ऊन जास्त, सावलीच नाही तर कमी. गच्चीवर ७५ टक्क्यांचं शेडनेट लावायचं आणि एप्रिल-मेमध्ये त्यावर अजून एक पदर टाकायचा. फ्लॅटमध्ये उजेडच नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब पानांच्या फूटभर वर, रोज बारा तास, पॅफ त्याखाली पण फुलतंय.

७. कुंडी कसली आणि माती कुठली?

माती अजिबात नको, शेणखत नको, कोकोपीटचा चुरा पण नको. मुळांना ओल पाहिजे आणि हवा पण पाहिजे, दोन्ही एकदम. मी वापरते ते मिश्रण म्हणजे बारीक-मध्यम पाइन बार्क (पाइन झाडाच्या सालीचे तुकडे) तीन भाग, कोळशाचे चण्याएवढे तुकडे एक भाग, परलाइट (पांढरे हलके दाणे) एक भाग, आणि एप्रिलमध्ये फार वाळत असेल तर थोडं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरणारं वाळवलेलं शेवाळ. बार्क महाग पडत असेल तर नारळाच्या सालीचे तुकडे चालतात, पण ते दोन-तीन दिवस पाणी बदलून बदलून भिजवा, त्यात क्षार असतात.

कुंडी लहान घ्या. मुळं मावतील एवढीच. मोठ्या कुंडीत मधला भाग आठ-आठ दिवस ओला राहतो आणि मुळं तिथंच सडतात. प्लास्टिकची कुंडी बरी, ओल टिकते, पारदर्शक मिळाली तर अजून बरं, मुळं दिसतात. उन्हाळ्यात ही प्लास्टिकची कुंडी मातीच्या कुंडीत बसवून ठेवायची आणि बाहेरची कुंडी ओली करत राहायचं, आतली मुळं गार राहतात. मातीच्या कुंड्या शाहूपुरीत कुंभार गल्लीकडं चक्कर मारा, चकचकीत रंग दिलेल्या नको, साध्या भाजलेल्या घ्या.

८. पाणी किती दिवसांनी घालू? एक आकडा सांगा ना काकू.

आकडा दिला की झाड जातंय, म्हणून देत नाही. कुंडी उचलून बघा. पाणी घातल्या घातल्या किती जड लागते ते हाताला कळू दे, मग ती हलकी होत आली पण पूर्ण हलकी व्हायच्या आधी पाणी घाला. अंदाज पाहिजे तर उन्हाळ्यात तीन-चार दिवस, हिवाळ्यात आठवडा, पावसाळ्यात कधी कधी दहा दिवस पण. सकाळी घाला, भरपूर घाला, खालनं निघून जाऊ दे, खालच्या ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाका. पोंग्यात, म्हणजे पानांच्या मधल्या खोबणीत, पाणी राहिलं तर टिश्यू पेपरचा कोपरा लावून टिपून घ्या. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, वरचं ओलं आणि आत मुळं कोरडी.

९. नळाचं पाणी चालेल का? आमच्याकडं बोअर आहे.

बोअरचं शक्यतो नको. आपल्याकडं बऱ्याच बोअरला क्षार जास्त, बादलीला पांढरा थर धरतो तोच थर मुळांवर धरतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, एकदा मोजाच: १००च्या आत उत्तम, २००पर्यंत भागतंय, त्यावर गेलं की दुसरं पाणी बघा. नळाचं पाणी पण मोजूनच ठरवा, भागाभागात फरक असतो.

सगळ्यात चांगलं पावसाचं. पहिले दोन-चार पाऊस गच्ची धुऊन जाऊ दे, मग ड्रम भरून ठेवा, वर फडकं घट्ट बांधा नाहीतर डास होतील. आरओचं गोड पाणी चालतंय, पण आरओच्या बाहेर टाकायच्या नळीतलं पाणी अजिबात नाही, त्यातच सगळे क्षार असतात. हे सांगावं लागतंय कारण "वाया कशाला घालवायचं" म्हणून पुष्कळ जण तेच घालतात. आणि महिन्यातनं एकदा खत न घालता नुसतं पाणी भरपूर ओतून कुंडी धुऊन काढा.

१०. खत कुठलं? घरी उसाला आणलेलं १९:१९:१९ आहे.

तेच चालतंय, फक्त शेताचं माप विसरा. दहा लिटरच्या बादलीला अर्धा चहाचा चमचा, आठवड्यातनं एकदा, झाड वाढीत असताना. हिवाळ्यात पंधरा दिवसांनी. कुंडी आधी साध्या पाण्यानं ओली करा मग खताचं पाणी. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम नसतंय, म्हणून महिन्यातनं एकदा कॅल्शियम नायट्रेट तेवढ्याच मापानं, पण वेगळ्या दिवशी, १९:१९:१९ मध्ये मिसळून नाही, दोन्ही एकत्र केलं की साका बसतो. जीवामृत, ताक, चहाचा चोथा, केळीच्या साली, तांदळाचं धुवण यातलं काही नको. शेतातल्या मातीला ते चांगलं असेल, इथं बार्क लवकर कुजतो आणि चिलटं होतात.

११. एप्रिल-मेमध्ये पानं लोळतात. काय करू?

आधी जागा बदला, घरातल्या सगळ्यात गार, खालच्या जागेत आणा. पत्र्याखाली ठेवलं असेल तर लगेच काढा. ट्रेमध्ये खडी घालून पाणी भरा आणि कुंडी खडीवर ठेवा, पाण्यात नाही. गॅलरीत असेल तर मागच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. वाळ्याचा कूलर असेल तर त्याच खोलीत ठेवा पण थेट झोतात नको. संध्याकाळी खोली मोकळी करा, रात्रीचा गारवा आत येऊ दे, दुपारच्या गरमीतनं झाड रात्री सावरतंय.

आणि वळवाकडं लक्ष ठेवा. दुपारी तापलेलं झाड आणि चारला धो धो गार पाऊस, त्यात गारा, पानं फाटतात आणि पोंगा भरून जातो. ढग दिसले की आत. पाणी घालून पण पानं लोळतातच तर मुळं गेली असतील, प्रश्न १९ बघा.

१२. पावसाळ्यात पान मधूनच तपकिरी, पाणचट झालं आणि वास यायला लागला.

ही बॅक्टेरियाची सड, एक दिवसपण थांबू नका, दोन-तीन दिवसांत अख्खा फुटवा जातो. पाणचट भागाच्या बोटभर पलीकडं, निरोगी हिरव्यातनं कापा. ब्लेड प्रत्येक कापाआधी गॅसच्या ज्योतीवर धरा नाहीतर स्पिरिटनं पुसा. कापल्यावर त्या जागेवर दालचिनीची बारीक पूड दाबा, फक्त कापलेल्या पानावर, मुळांवर पडू देऊ नका कारण ती मुळं सुकवते. मग झाड वेगळं ठेवा, पंख्याच्या हवेत, चार-पाच दिवस पाणी पानांना लागू न देता.

होऊच नये म्हणून जून लागायच्या आधी झाडं छपराखाली घ्या, कुंड्यात वीतभर अंतर ठेवा, आणि छोटा पंखा मंद चालू ठेवा. नैऋत्येकडनं तिरका पाऊस येतो, गॅलरीत छप्पर असलं तरी आत झड येते, ते एकदा पाऊस पडताना उभं राहून बघा. गोगलगाई पण याच दिवसात, रात्री बॅटरी घेऊन हातानं वेचा.

१३. विकत आणलं तेव्हा फूल होतं. त्यानंतर पत्ताच नाही. काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पॅफचा एक फुटवा आयुष्यात एकदाच फुलतो. फूल त्याच्या मधनं येतंय, म्हणजे वाढीचं टोकच फुलात संपतंय, त्या फुटव्याला पुढं नवीन पान येऊच शकत नाही. तो लगेच मरत नाही, वर्षं-दोन वर्षं हिरवा राहतो, अन्न तयार करून बुडातनं येणाऱ्या नवीन फुटव्याला पोसतो, आणि पुढचं फूल त्या नवीन फुटव्याला. उसात बघा, मुख्य कोंबापेक्षा फुटवे किती आणि कसे यावर उतारा ठरतो, इथं तेच आहे. त्यामुळं "याला फूल कसं आणू" विचारताना तुम्ही ज्या फुटव्याकडं बघताय त्याचं बहुतेक झालेलं असतंय.

बुडाशी वाकून बघा. मिश्रणाच्या वर, जुन्या पानांच्या खाचेत, हिरवं टोकदार नाक दिसतंय का? तोच तुमचा पुढच्या फुलाचा फुटवा. त्याला मोठं व्हायला मॉडी प्रकारात वर्ष ते दोन वर्षं लागतात. तो जुन्या फुटव्याएवढा रुंद झाला, चार-पाच पानं झाली की मग फुलाची आशा धरायची. तो लहानच राहून थांबला असेल तर कारण तीनपैकी एक: उजेड कमी (प्रश्न ६), मुळं खराब (प्रश्न १९), नाहीतर फुटव्याच्या स्वतःच्या मुळांना मिश्रणच मिळालेलं नाही (प्रश्न १८). पानं गडद हिरवी, लांब, मऊ, लोंबती असतील तर उजेडच कमी, हे घरातल्या झाडांत सगळ्यात जास्त दिसतंय. पान जरा फिकट हिरवं आणि ताठ असलं पाहिजे.

आणि फूल झालेला जुना फुटवा हिरवा असताना कापू नका. "फुललं, आता उपयोग नाही" म्हणून लोक कापतात आणि नव्याचं दाणापाणीच बंद होतंय.

१४. द्राक्षाला मारतात ते ००:५२:३४ दिलं तर फूल येईल का?

तासगावकडचे लोक हमखास विचारतात. नाही येणार. फुटवा तयार नसेल तर कुठलंच खत फूल आणत नाही, आणि तयार असेल तर १९:१९:१९ वर पण येतंय. जास्त स्फुरद-पालाश म्हणजे मुळांवर जास्त क्षार एवढंच. हार्मोनचे फवारे पण तसेच, ठेवून द्या.

१५. फूल यायला थंडी लागते म्हणतात, मग आपल्याकडं कसं?

ठिपकेदार पानांच्या पॅफला खास थंडी लागत नाही, रात्री १६-१८ डिग्री आणि दिवसा २५-२८ एवढं मिळालं की ते खूश, आणि कोल्हापूरचा हिवाळा तसाच असतो. थंडीवाला गट, इन्सिग्नी वगैरे, त्यांना शरदात काही आठवडे रात्री १०-१३ डिग्री पाहिजेत. शहरात ते दर वर्षी मिळत नाही, त्यामुळं पानं मस्त पण फूल नाही अशी गत होते. पन्हाळ्यावर घर असेल तर खुशाल करून बघा. शहरात हौस असेलच तर नवरात्र झाल्यावर झाड उघड्या गॅलरीत ठेवा, रात्री आत घेऊ नका, पाणी थोडं कमी, आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत तिथंच राहू दे. येईलच असं मी सांगणार नाही.

१६. कळी आली होती, फुलायच्या आधीच पिवळी पडून गळली.

कळी असताना झाड हलवलं का ते आधी सांगा. पाहुण्यांना दाखवायला म्हणून खिडकीतनं हॉलमध्ये, हॉलमधनं परत खिडकीत, असं झालं की कळी गळते. दुसरं म्हणजे त्या दिवसात कुंडी एकदा पूर्ण वाळली. तिसरं, पोंग्यात पाणी साचून कळीचं आवरण आतनं कुजलं. आणि चौथं कुणाच्या लक्षात येत नाही ते म्हणजे आंबे. मे महिन्यात खोलीत आंब्याची अढी लावलेली असते, पिकणाऱ्या फळातनं इथिलीन वायू निघतो, कळ्या आणि फुलं त्यानं लवकर माना टाकतात. केळीचा घड पण तसाच. झाड आणि फळं वेगवेगळ्या खोलीत.

नुसतंच आवरण आलंय, मधनं हिरवी चपटी जीभ दिसते आणि महिने झाले तसंच आहे, असं असेल तर काळजी नको. रात्री मागनं मोबाइलची बॅटरी धरा, आत कळीची गडद सावली दिसते का बघा. बोटानं उघडायला जाऊ नका. काही जातीत ते असंच बराच काळ बसून राहतंय.

१७. फूल गळलं. देठ कापू का?

एका देठाला एकच फूल येणारं असेल, मॉडीसारखं, तर दीड-दोन महिन्यांनी फूल गळलं की देठ बुडाजवळ कापा. पण काही जाती एकामागनं एक फुलं देतात, प्रायम्युलिनम आणि त्याचा पिनोकिओ नावाचा संकर, त्यांचा देठ हिरवा असेपर्यंत हात लावायचा नाही, एक फूल गळलं की टोकाला पुढची कळी तयार असते आणि हे महिनोन्‌महिने चालू राहतंय. नाव माहिती नसेल तर टोक नीट बघा: फूल गळलेल्या जागेशेजारी छोटी हिरवी कळी असेल तर ठेवा.

१८. कुंडी कधी बदलायची? आणि वाटे कसे करायचे?

वर्षातनं एकदा, फूल झाल्यावर, आणि आपल्याकडं शक्यतो फेब्रुवारीत नाहीतर ऑक्टोबरमध्ये. मे आणि जुलै टाळा. बार्क दाबला आणि चुरा झाला की बदला, वर्ष झालं नसलं तरी.

झाड काढल्यावर मुळं बघून घाबरू नका. पॅफची मुळं तपकिरी आणि बारीक लव असलेली असतात, बघणाऱ्याला वाटतंय सडलीत, आणि लोक चांगली मुळं कापून टाकतात. दोन बोटांत धरून हलकं दाबा: टणक लागलं तर जिवंत, वरची साल मोजा काढल्यासारखी सरकली आणि आत नुसता दोरा राहिला तर मेलेलं. मेलेलीच कापा, ही मुळं कमी असतात आणि तुटली की त्याला फांद्या फुटतीलच असं नाही.

लावताना खोली महत्त्वाची. नवीन फुटवा जुन्यापेक्षा जरा वरनं येतो, आणि त्याचं बूड मिश्रणाच्या वर राहिलं तर त्याची मुळं हवेतच थांबतात आणि फुटवा वर्षभर तेवढाच. बूड अर्धा इंच मिश्रणात जाईल असं लावा. कुंडी बदलायची वेळ नसेल तर त्या फुटव्याभोवती ओल्या मॉसची कड करा, काही आठवड्यांत मुळं खाली उतरतात.

वाटे करायची घाई नको. प्रत्येक वाट्याला तीन फुटवे तरी पाहिजेत आणि स्वतःची मुळं. मोठं झालेलं झाड एकदम चार-पाच फुलं देतंय, ते बघण्यात जे सुख आहे ते चार कुंड्यांत चार एकटे फुटवे रडत ठेवण्यात नाही.

१९. काढून बघितलं तर मुळंच नाहीत. संपलं का?

पानं हिरवी असतील तर नाही. मेलेला भाग साफ करा, बूड ओलसर, चांगल्या पिळलेल्या स्फॅग्नम मॉसवर टेकवा, आणि सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड सैल बांधा. सावलीत, उबदार जागेत ठेवा. खत नाही, ऊन नाही. दोन-चार दिवसांनी उघडून हवा द्या, बुरशी दिसते का बघा. बुडातनं नवीन मूळ यायला दोन-तीन महिने पण लागतात. मूळ दोन बोटं लांब झालं की छोट्या कुंडीत. पार्सलनं आलेलं अर्धमेलं झाडपण असंच वाचतंय.

२०. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय.

पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसून काढा, आठवड्यानं परत, तिसऱ्या आठवड्यात परत, कारण अंडी राहतात. जुन्या पानांचे वाळके आवरण काढून बघा, तिथं लपतात. तपकिरी खवले चिकटलेले असतील तरी हाच उपाय. उन्हाळ्यात पानं मागनं चंदेरी, खरखरीत झाली तर कोळी, पान दोन्हीकडनं ओल्या फडक्यानं पुसत राहा. मुंग्या दिसल्या तर समजा वर कुठंतरी पिठ्या आहे.

२१. एकानं सांगितलं कुंडीत चुनखडी घाल, दुसरा म्हणतोय अजिबात नको. कुणाचं ऐकू?

दोघंही बरोबर, झाडावर आहे. बेलाट्युलम, कॉन्कलर, निव्हियम आणि त्यांचे संकर, बुटकी जाड पानं आणि गुबगुबीत गोल फुलं, हे चुनखडीच्या डोंगरातले. त्यांना मिश्रणात शिंपल्यांचा भरडा किंवा डोलोमाइट मूठभर चालतो, आणि पाणी इतरांपेक्षा जरा कमी. मॉडी प्रकाराला याची गरज नाही. अंड्याच्या टरफलांची पूड फार सावकाश विरघळते, घातली म्हणून बिघडत नाही, पण धुऊन घ्या नाहीतर मुंग्या येतात. पानाचा चुना कुणालाच घालू नका, तो फार तीव्र असतो.

२२. रॉथशिल्डियानमचा फोटो बघितला, तेच पाहिजे. कोल्हापुरात येईल का?

हवा चालते त्याला, बोर्निओतलं आहे. प्रश्न जागेचा आणि वर्षांचा. पानं हात-हात पसरतात, उजेड मॉडीच्या दुप्पट लागतो, आणि लहान रोप घेतलं तर फुलायला दहा वर्षंपण लागू शकतात. त्याचे संकर त्या मानानं लवकर फुलतात. घ्यायचं तर मॉडी एकदा स्वतःच्या हातानं परत फुलवल्यावर घ्या.

२३. आमचं झाड पाण्याच्या ताटलीत ठेवा असं नर्सरीवाला म्हणाला. तुम्ही तर नको म्हणता.

लेबल वाचा. फ्रॅग्मिपेडियम असेल तर नर्सरीवाला बरोबर. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले स्लिपर, पुष्कळसे ओढ्याकाठचे, पाणी झिरपणाऱ्या कड्यावरचे. त्यांची कुंडी अर्धा-पाऊण इंच पाण्यात ठेवली तरी चालते, पण पाणी एकदम कमी टीडीएसचं पाहिजे आणि रोज-दोन रोजानं बदललेलं, क्षारांना ते पॅफपेक्षा नाजूक. फूलपण एकदम न सुकता ताजंच्या ताजं गळून पडतंय, तो रोग नाही. पॅफिओपेडिलम असेल तर ताटलीत पाणी नको, प्रश्न ८ प्रमाणे.

२४. फुलाला शेंग धरली. बी पेरून रोपं होतील का? एवढं महाग झाड, घरीच करावं म्हणतो.

घरी होत नाहीत. बी धुळीएवढं बारीक, त्यात अन्नसाठाच नसतो. जंगलात बुरशीच्या मदतीनं रुजतंय. प्रयोगशाळेत बाटलीत, साखर आणि क्षारांच्या आगरवर रुजवतात, ही पद्धत १९२२ साली आली. बाटलीतनं निघालेल्या रोपाला फुलायला पुढं तीन-चार वर्षं, कधी जास्त.

महाग असण्याचं कारणपण तिथंच आहे. फॅलेनॉप्सिससारखे एका झाडापासनं टिश्यू कल्चरनं लाखभर जुळे पॅफचे करता येत नाहीत, ते व्यापारी पातळीवर अजून नीट जमलेलं नाही. म्हणून प्रत्येक रोप बियांतनं नाहीतर वाट्यातनं, आणि एकाच नावाच्या दोन झाडांची फुलं थोडी वेगळी. नक्की एखाद्या फुलाचंच झाड पाहिजे असेल तर त्याचाच वाटा मागा. शेंग मात्र कापून टाका, ती पिकायला कित्येक महिने झाडाची ताकद ओढून घेते आणि नवीन फुटवा मागं पडतो.